तरंग केवढा आणि त्याच्या वाटेतली वस्तू केवढी

गणेशोत्सवाची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात आधी पोहोचतो तो ढोलाचा ठोका. ताशाची तर्री खणखणीत ऐकू येते ती पथक नाक्यावर वळून समोर आल्यानंतर. दोन्ही वाद्ये एकाच पथकात, एकाच वेळी वाजत असतात आणि हवेतून त्यांचा ध्वनी एकाच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर या गतीने, प्रवास करतो. तरीही इमारतीचा कोपरा ढोलाला अडवू शकत नाही आणि ताशाला मात्र बऱ्याच अंशी अडवतो. ढोल मोठ्याने वाजतो, एवढे कारण यासाठी पुरेसे नाही. ढोलाच्या घुमाऱ्यातील मुख्य ध्वनितरंग तीन-चार मीटर लांब असतात, तर ताशाच्या कडकडाटातील तरंग वीतभर किंवा त्याहूनही आखूड असतात. तीन-चार मीटरच्या तरंगाला गल्लीचे तोंड, घराचा कोपरा, उघडी खिडकी या साऱ्या आपल्याच मापाच्या वस्तू असतात आणि त्यांना वळसा घालून तो पलीकडे पसरतो. वीतभर तरंगासाठी तीच इमारत म्हणजे प्रचंड भिंत ठरते आणि तिच्यामागे ध्वनीची सावली पडते.

तरंगांविषयी शाळेत जे शिकवले जाते त्यात सूत्र असते, आकृती असते, पण ही तुलना बहुधा राहून जाते. माझ्या मते तरंगलांबीचा सारा अर्थ या तुलनेत आहे. ०.००००५ सेंटिमीटर, २१ सेंटिमीटर किंवा २०० किलोमीटर हे आकडे सुटे घेतले तर काहीच सांगत नाहीत. वाटेत आलेल्या वस्तूशेजारी ठेवले की तरंग अडेल, वळेल, विखुरला जाईल, की त्या वस्तूची दखलही न घेता पुढे जाईल, हे ते सांगू लागतात. पाणी, हवा, प्रकाश, रेडिओ आणि थेट अवकाशाचे कंप, या सर्वांना हा नियम लागू आहे.

आधी तरंग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. कणसाला आलेल्या ज्वारीच्या शेतावरून वारा गेला की शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लाट धावताना दिसते, पण एकही ताट आपली जागा सोडत नाही. प्रत्येक ताट वाकते आणि पुन्हा सरळ होते. तरंगाचेही असेच असते. पाणी किंवा हवा जागच्या जागी हलते, आणि पुढे जाते ती हालचाल आणि तिच्याबरोबरची ऊर्जा. एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात किती माथे पुढून जातात ती वारंवारता. एक माथा गेल्यावर दुसरा येईपर्यंतचा वेळ म्हणजे आवर्तकाल. तरंगलांबीला वारंवारतेने गुणले की वेग मिळतो, आणि वेग ठाऊक असेल तर उरलेल्या दोहोंपैकी एकावरून दुसरे काढता येते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. ३४० मीटरला या आकड्यांनी भागले की ऐकू येणाऱ्या ध्वनीची लांबी १७ मीटरपासून १.७ सेंटिमीटरपर्यंत येते. आपल्या खोल्या, दारे, फर्निचर आणि आपले स्वतःचे डोके या सगळ्यांचे आकार नेमके याच पट्ट्यात बसतात, म्हणून शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येते पण शब्द नीट कळत नाहीत. स्वरांचे लांब तरंग दारातून वळून येतात. ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांतील आखूड तरंग मागे राहतात, आणि शब्द ओळखण्याचे बरेचसे काम ही व्यंजनेच करत असतात.

समुद्राच्या लाटा डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या सर्वांत सोप्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे गणित ध्वनीपेक्षा अवघड आहे, कारण ध्वनी लांब असो वा आखूड, हवेत एकाच वेगाने जातो, तर खोल पाण्यात लांब लाट आखूड लाटेपेक्षा वेगाने धावते. दोन माथ्यांमध्ये ८ सेकंद जात असतील तर लाटेची लांबी सुमारे १०० मीटर आणि माथ्याचा वेग ताशी सुमारे ४५ किलोमीटर असतो. हेच अंतर १६ सेकंदांचे झाले की लांबी ४०० मीटर आणि वेग ताशी ९० किलोमीटर होतो. लाटांची ऊर्जा माथ्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते, तरीही क्रम बदलत नाही: लांब लाटा आधी पोहोचतात. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या बाजूला मोठे वादळ झाले की तिथे उठलेल्या लांब लाटा आठवडाभराचा प्रवास करून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन थडकतात. किनाऱ्यावर वारा पडलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि तरीही पाणी चढते. केरळात या प्रकाराला ‘कल्लक्कडल’ म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र असे म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचे इशारे देते आणि त्यात लाटेच्या उंचीबरोबर आवर्तकालही सांगितलेला असतो. वाचणारे बहुधा उंचीच पाहतात, पण कोकणातल्या मच्छीमाराने होडी बाहेर काढायची की नाही हे ठरवताना दुसऱ्या आकड्याकडेही तितकेच लक्ष द्यावे. दीड मीटर उंचीची ६ सेकंदांची लाट आणि तेवढ्याच उंचीची १८ सेकंदांची लाट यांत फार अंतर आहे. दुसरी आपल्या पोटात कितीतरी अधिक पाणी घेऊन येते आणि किनाऱ्याजवळ अधिक उंच होते.

लाटेला तळ कधी जाणवतो, हेही तिची लांबीच ठरवते. पृष्ठभागाखाली लाटेची हालचाल झपाट्याने कमी होत जाते आणि साधारण अर्ध्या तरंगलांबीइतक्या खोलीवर ती जवळजवळ थांबते. त्यामुळे १०० मीटर लांबीच्या लाटेला ५० मीटरपेक्षा खोल समुद्रात तळाचा पत्ताच नसतो. पाणी त्याहून उथळ झाले की तिचा वेग कमी होऊ लागतो. तिरक्या येणाऱ्या लाटेचा किनाऱ्याकडचा भाग आधी मंदावतो, बाहेरचा भाग त्याला गाठतो आणि लाट हळूहळू वळून किनाऱ्याला समांतर होते. वारा कुठूनही असला तरी लाटा किनाऱ्यावर जवळपास सरळ येताना दिसतात, त्याचे कारण हे आहे.

त्सुनामी समजून घ्यायची तर हा तळाचा नियम उलट्या बाजूने लावावा लागतो. भूकंपाने समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात वर किंवा खाली सरकतो, त्यामुळे उठणाऱ्या लाटेची लांबीही शेकडो किलोमीटर असते. महासागराची सरासरी खोली सुमारे ४ किलोमीटर आहे. आपल्याला ती अथांग वाटते, पण २०० किलोमीटर लांबीच्या लाटेसाठी ४ किलोमीटर खोल महासागर म्हणजे उथळ डबके आहे. तिला पहिल्या क्षणापासून तळ जाणवत असतो, तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी तिच्यात सामील असते आणि तिचा वेग केवळ खोलीवर ठरतो: ४ किलोमीटर खोलीवर ताशी सुमारे ७०० किलोमीटर. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भूकंप झाल्यावर सुमारे दोन तासांनी ‘जेसन-१’ हा उपग्रह हिंदी महासागरावरून गेला, तेव्हा त्याने मोजलेली लाटेची उंची अवघी ६० सेंटिमीटरच्या आसपास होती. शेकडो किलोमीटरांत पसरलेली ही चढउतार भर समुद्रातल्या जहाजाला जाणवण्याजोगी नसते.

किनाऱ्याजवळ काय होते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. खोली ४ किलोमीटरवरून १० मीटरवर आली की वेग विसाव्या भागावर, म्हणजे ताशी सुमारे ३६ किलोमीटरवर येतो. आवर्तकाल मात्र बदलत नाही, त्यामुळे लांबीही विसाव्या भागावर येते आणि २०० किलोमीटरची लाट १० किलोमीटरची होते. तेवढीच ऊर्जा आखूड जागेत कोंबली गेल्याने उंची वाढते. केवळ खोलीच्या हिशेबाने ती चार-साडेचार पट होते आणि खाडीच्या निमुळत्या तोंडात त्याहून पुष्कळ अधिक. पावसाळ्यात मुंबईच्या कठड्यावर उसळणारी ५ मीटरची लाटही आठ-दहा सेकंदांत मागे फिरते, कारण तिची लांबी शंभर मीटरच्या आसपास असते. त्सुनामीची लांबी किनाऱ्यावरसुद्धा किलोमीटरांत असते, म्हणून तिचे पाणी कित्येक मिनिटे आत येतच राहते. तिची भीती वाटायला हवी ती उंचीपेक्षा या लांबीमुळे. हा धोका केवळ पूर्व किनाऱ्याचा नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने अरबी समुद्रात त्सुनामी उठली आणि मुंबईतही सुमारे २ मीटर उंचीचे पाणी येऊन माणसे दगावली.

प्रकाशाचे तरंग या सर्वांच्या तुलनेत अतिसूक्ष्म आहेत. माणसाला दिसणारा प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर लांबीचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जांभळा सर्वांत आखूड, लाल सर्वांत लांब. केसाच्या जाडीत हिरव्या प्रकाशाचे शंभराहून अधिक तरंग मावतात. इतकी लहान लांबी मोजली कशी, हा प्रश्न योग्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इंग्लंडमध्ये थॉमस यंग यांनी दाखवले की प्रकाशाचे दोन झोत एकमेकांत मिसळले की काही ठिकाणी माथ्यावर माथा पडून उजेड वाढतो, तर काही ठिकाणी माथ्यावर दरी पडून अंधार होतो. या पट्ट्यांमधले अंतर डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे असते आणि त्यावरून तरंगलांबीचा हिशेब करता येतो. यंग यांनी काढलेले लाल आणि जांभळ्या रंगांचे आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळचे आहेत. पुढे हे मोजमाप इतके अचूक झाले की १९६० मध्ये मीटरची व्याख्याच प्रकाशावर आधारण्यात आली: क्रिप्टॉन-८६ या अणूच्या नारिंगी-लाल प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. १९८३ मध्ये ती व्याख्या प्रकाशाच्या वेगावर नेण्यात आली, परंतु तेवीस वर्षे जगातील प्रत्येक मोजपट्टीचा अंतिम आधार एक तरंग होता.

हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाच्या तरंगापेक्षा हजारपट लहान आहेत. अशा क्षुद्र अडथळ्यावरून तरंग बहुतेक सारा निघून जातो, पण थोडासा विखुरला जातो, आणि आखूड तरंग फार अधिक विखुरला जातो. लांबी निम्मी झाली तर विखुरणे सोळा पट वाढते, हा लॉर्ड रॅली यांनी मांडलेला नियम आहे. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो, म्हणून आकाश निळे आणि मावळता सूर्य लाल. ढगातील आणि धुक्यातील थेंब मात्र प्रकाशतरंगाच्या वीस-तीस पट मोठे असतात. ते सगळ्याच रंगांना सारखे विखुरतात, म्हणून ढग पांढरे दिसतात. लाल रंग कमी विखुरतो म्हणून तो धुक्यातून लांबवर दिसतो, असे अनेक पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. दाट धुक्याच्या बाबतीत हे स्पष्टीकरण टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे थेंबाचा आकार सांगतो: कमी-अधिक विखुरण्याचा नियम रेणूंएवढ्या कणांचा आहे, थेंबांचा नाही.

समुद्राच्या निळेपणावरून एक मोठा शोध सुरू झाला आणि त्याचा एक टप्पा मुंबईच्या बंदरात आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, हे रॅली यांचे मत त्यांना पटेना. रामन यांनी एका स्फटिक लोलकाने परावर्तित प्रकाश गाळून टाकला आणि पाहिले, तर पाण्याचा निळा रंग उलट अधिकच खुलला. बोट मुंबई बंदरात असताना सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला पाठवण्यासाठी टिपण लिहिले: पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात. पाणी लाल प्रकाश अधिक शोषून घेते याचाही त्या रंगात मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. परंतु द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा पाठपुरावा करताना रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जे सापडले ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. विखुरलेल्या प्रकाशाचा एक अत्यंत क्षीण भाग आपली तरंगलांबी बदलून बाहेर पडतो. रेणू स्वतः कंप पावत असतो आणि प्रकाशाशी ऊर्जेची देवघेव करतो. लांबीतला तो बदल त्या रेणूची ओळख असतो. १९३० चे नोबेल पारितोषिक या शोधासाठी होते, आणि औषधाच्या गोळीतील द्रव्य न फोडता ओळखण्यापासून रत्नांची पारख करण्यापर्यंत तो आज वापरात आहे.

लहान वस्तू पाहायची तर तरंगही लहान हवा, हे यातून आपोआप येते. दृश्य प्रकाशाचे नेहमीचे सूक्ष्मदर्शक कितीही उत्तम असले तरी साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू त्याला वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितली. करोनाचा विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणून त्याची छायाचित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घ्यावी लागली; इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते आणि ती प्रकाशाच्या हजारो पट आखूड करता येते. दवाखान्यातील सोनोग्राफीतही हाच विचार आहे. पोटाच्या तपासणीत सेकंदाला सुमारे ३५ लाख कंपनांचा ध्वनी वापरला तर शरीरात त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी भरते, म्हणून त्याहून बारीक तपशील त्यात दिसत नाही. गळ्यातील थायरॉईडसारखी वरवरची ग्रंथी पाहताना याहून आखूड तरंग वापरतात. तो अधिक बारकावे दाखवतो, पण खोलवर जाण्याआधीच शोषला जातो, त्यामुळे यकृतासाठी तो कामाचा नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये विद्युतचुंबकीय तरंग प्रकाशासारखेच वळतात हे सिद्ध केले, तेव्हा त्यांच्या तरंगांची लांबी हातभराहून अधिक, सुमारे ६६ सेंटिमीटर होती. एवढ्या तरंगाला वळवणारा लोलकही तेवढाच मोठा हवा. त्यांनी डांबराचा जो लोलक ओतला त्याचे वजन अर्ध्या टनाहून अधिक होते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९४-९५ च्या सुमारास अतिशय समंजस मार्ग घेतला: उपकरण मोठे करण्याऐवजी त्यांनी तरंग लहान केला. काही मिलिमीटर लांबीचे तरंग निर्माण केल्यामुळे त्यांचे लोलक, आरसे आणि तरंग टिपणारी उपकरणे टेबलावर मावली. सव्वाशे वर्षांनी मोबाइलच्या पाचव्या पिढीतील सर्वांत आखूड तरंग याच मापाच्या जवळ आले आहेत, आणि ते भिंतीपुढे इतके हतबल का होतात हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधील तरंग १२.२ सेंटिमीटर लांब असतात. त्याच्या दारातील जाळीची छिद्रे एक-दोन मिलिमीटरची असतात. १२ सेंटिमीटरच्या तरंगाला ती जाळी सलग पत्र्यासारखी असते, तर अर्ध्या मायक्रोमीटरच्या प्रकाशासाठी तेच छिद्र म्हणजे उघडे मैदान असते. म्हणून आत शिजणारे दिसते आणि शिजवणारे तरंग बाहेर येत नाहीत. आतल्या आत परावर्तित होणारे तरंग एकमेकांत मिसळून काही जागी जोर धरतात, काही जागी शून्य होतात. फिरती तबकडी काढून ठेवून उडदाचे पापड काही सेकंद भाजले तर ते ठिपक्याठिपक्यांनी फुलतात, मधला भाग कच्चाच राहतो. फुललेल्या दोन ठिपक्यांमधले अंतर साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, भरते. ओव्हनच्या आकारामुळे नक्षी थोडी वेडीवाकडी येते, पण पट्टीने मोजावे एवढी ती स्पष्ट असते. तबकडी फिरते ती हे ठिपके पुसण्यासाठी.

जाळीचा हाच उपयोग पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे फार भव्य प्रमाणावर केलेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’ ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. तिच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी तिचा सांगाडा आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. परंतु ही दुर्बीण २१ सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंतच्या तरंगांसाठी आहे. तेव्हा पोलादी तारांची, एक-दोन सेंटिमीटर विणीची जाळी आरशाचे काम करते आणि वारा तिच्यातून निघून जातो. जवळ जाऊन वर पाहिले तर जाळीतून आभाळ दिसते.

लांब तरंगांची किंमतही मोजावी लागते. दुर्बिणीला किती बारीक दिसेल हे तरंगलांबी आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. २१ सेंटिमीटरच्या तरंगात ४५ मीटरची एक तबकडी चंद्रबिंबाच्या अर्ध्या आकाराहून बारीक काही वेगळे करू शकत नाही. या एका बाबतीत माणसाचा उघडा डोळा तिच्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे, कारण बाहुली काही मिलिमीटरचीच असली तरी प्रकाशाचा तरंग तिच्याहून हजारो पट आखूड आहे. म्हणून तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि त्यांचे संकेत जोडून जणू तेवढ्या व्यासाची एकच दुर्बीण तयार केली जाते. हायड्रोजनचा अणू नैसर्गिकपणे २१ सेंटिमीटरचा तरंग सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येणारा तरंग वाटेतच ताणला जातो. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात या दुर्बिणीने एका अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत टिपला, तेव्हा तो २१ चा ४८ सेंटिमीटर होऊन पोहोचला होता. तरंग किती ताणला गेला, यावरूनच तो किती काळापूर्वी निघाला हे कळते.

आकाशवाणी ऐकणाऱ्या पिढीला तरंगलांबी शाळेबाहेरही परिचयाची होती, कारण केंद्राच्या निवेदनात मीटर आणि किलोहर्ट्झ असे दोन्ही आकडे सांगितले जात. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी सुमारे ३७८ मीटर लांब आहेत. जमिनीला धरून, टेकड्यांना वळसा घालून त्या खेड्यापाड्यांत पोहोचतात. तीन मीटरचा एफएमचा तरंग मात्र घाटातल्या वळणावर डोंगर मध्ये आला की खरखरू लागतो. आपण एखाद्याशी ‘वेव्हलेंग्थ जुळते’ असे म्हणतो ते रेडिओच्या या काट्यावरून. बोली वापराला विज्ञानाची अट घालणे बरे नव्हे, तरी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे: लांबी तंतोतंत जुळूनही एकाचा माथा आणि दुसऱ्याची दरी एकत्र पडली तर दोन तरंग एकमेकांना नाहीसे करतात, आणि बाहेरचा गोंगाट थोपवणारे हेडफोन नेमके हेच करतात.

‘लाट’ हा शब्दही आपण सैलपणे वापरतो, पण काही ठिकाणी तो वाटतो त्यापेक्षा अधिक खरा आहे. साथीच्या पहिल्या-दुसऱ्या लाटेला आवर्तकाल असतो, लांबी नसते. तो केवळ आलेखावरचा चढउतार आहे. उष्णतेची किंवा थंडीची लाट म्हणतो तेव्हा मात्र पुष्कळदा त्यामागे खरीखुरी लाट असते. वातावरणाच्या वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना नागमोडी वळणे पडतात. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी यांनी १९३९ मध्ये त्यांचे गणित मांडले. या वळणांची लांबी हजारो किलोमीटर असते, आणि एखादे वळण एका जागी रेंगाळले की त्याखालचा प्रदेश दिवसेंदिवस तापत किंवा गारठत राहतो. लाट एवढी लांब असल्यामुळेच नागपूर तापते तेव्हा चंद्रपूर आणि अकोलाही बहुधा बरोबरच तापतात.

सर्वांत लांब तरंग अवकाशाचे स्वतःचे आहेत. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये भाकीत केलेले गुरुत्वीय तरंग १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांनी प्रथमच थेट नोंदवले. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळताना निघालेल्या या तरंगाची वारंवारता सेकंदाला ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. प्रकाशाच्या वेगाला या आकड्यांनी भागले तर लांबी सुमारे ८,६०० किलोमीटरपासून १,२०० किलोमीटरपर्यंत येते. तो नोंदवणाऱ्या वेधशाळेची भुजा, म्हणजे लेझर प्रकाश जिच्यातून ये-जा करतो ती सरळ नळी, ४ किलोमीटरची आहे आणि तिच्यातला बदल मोजण्यासाठी वापरलेला लेझर प्रकाश १,०६४ नॅनोमीटरचा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच भारतीय वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्यांचे तरंग मात्र औंढ्याच्या भुजांनाही सापडणार नाहीत. त्यांचा एक माथा गेल्यावर दुसरा यायला अनेक वर्षे लागतात, म्हणजे त्यांची लांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते आणि त्यांच्यासाठी उपकरणही तेवढेच मोठे हवे. ते उपकरण म्हणजे आकाशगंगेत विखुरलेले, घड्याळासारखे नियमित स्पंद देणारे तारे आहेत. त्यांच्या स्पंदांच्या वेळांत वर्षानुवर्षे पडत गेलेला अतिसूक्ष्म फरक जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केला, आणि त्यातील भारतीय-जपानी गटाची मोजमापे खोडदच्या त्याच जाळीदार तबकड्यांनी घेतलेली होती.